बंद पडली का?

बटण दाबलं की आमची गाडी जपानीत काहीतरी बोलते.
अकरा वर्षं झाली, काय म्हणते कुणास ठाऊक.
बाबा दर वेळी मान लववतात,
हो हो, तुझंही भलं होवो.

उलानबातारहून निघालो तेव्हा उणे चौतीस.
धाकटीनं वाटीतलं दूध मागच्या चाकांवर शिंपडलं,
वाटेला लागणाऱ्याच्या मागे शिंपतात तसं.
काही थेंब काचेवर उडाले आणि तिथंच गोठले.
लुनचा पूल आला तरी आरशात
तेच सात पांढरे ठिपके आमच्या मागे येत होते.

टायर बाजारातले, जुने.
तीन एका घरचे, चौथा परका.
विकणारा म्हणाला होता, बर्फाचेच आहेत, ताई,
एकच हिवाळा खाल्लाय यांनी.
बाबांनी एकाच्या खाचेत आगकाडी खुपसली,
गुलाच्या बरीच अलीकडे अडली.
म्हणाले, दोन खाल्लेत. पैसे कमी कर.
त्यानं केले.
चाकं मी एकटीनं बसवली, गॅरेजमध्ये,
बाबा तेव्हा इस्पितळात होते,
कानाचं यंत्र मापून घेत.

एकतीस वर्षं त्यांनी रशियन ट्रक हाकला.
पहाटे पत्र्याच्या तसराळ्यात निखारे घालून
इंजिनाखाली सरकवायचे. तेल सैल होईतो चहा.
एकदा सुरू झालं की बंद करायचं नाही,
जेवताना नाही, झोपताना नाही.
माळावर इंजिन थांबलं म्हणजे माणूस थांबला.
त्या घरघरीनं रात्रभर जागवलं त्यांना, जगवलंही,
आणि हळूहळू दोन्ही कान खाल्ले.

आता कानात मसुराएवढी बॅटरी,
आणि मागच्या सीटखाली पेटीएवढी.
तिची नाकपुडी सीटच्या कडेला आहे,
मैद्याचं पोतं तिला टेकू द्यायचं नाही
हे मी बाबांना चारदा सांगितलं.
पाचव्यांदा ते म्हणाले, ऐकू येतंय मला.

लुनच्या पुढे त्यांना मेंढीच्या कातड्याच्या डगल्यात उकडू लागलं,
म्हणून हीटर बंद केला.
उतार होता. मी पाय उचलला.
इंजिन गप्प.

"बंद पडली का?"
नाही बाबा. बॅटरीवर चाललीय.
"मग माझा कान बंद पडला."
त्यांनी यंत्र काढलं, काखेत धरून ऊब दिली,
परत घातलं.
बाहेर खांब मागे पळत होते
आणि आवाज कशाचाच नाही,
हे त्यांना पटेना.
दाराची मूठ घट्ट धरून बसले,
जणू उतरून ढकलावं लागणार.

चढ आला, इंजिन घुरघुरलं,
त्यांचा खांदा खाली आला.
पुढच्या उताराला पुन्हा तेच.
"बंद पडली का?"
तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसतं माझ्याकडं पाहिलं.

मग वळणावर काळं बर्फ लागलं.
गाडीचा मागचा भाग क्षणभर दुसऱ्याच कुणाचा झाला.
मी ब्रेकला शिवले नाही. स्टिअरिंग तेवढं हलकं धरलं,
आणि कुठंतरी खाली, त्या मऊ रबरानं
कुसळासारखं काहीतरी पकडलं. सरळ झालो.
दोघंही काही बोललो नाही.
मी हीटर लावला, हात कापत होते म्हणून.
इंजिन आपोआप जागं झालं,
आमची ऊब त्याच्याकडूनच येते.

दहा-बारा किलोमीटर गेल्यावर बाबा म्हणाले,
"तो हीटर बंद कर."
गारठाल.
"कर."

केला. लांबलचक उतार, ताजं बर्फ, कुणीच नाही.
आमचे श्वास काचेवर चढू लागले.
खालून येत होती ती चरचर,
कोरड्या पिठात बोटं फिरवल्यासारखी.
बाबांनी डोळे मिटले, मान कलती केली,
ट्रकच्या बॉनेटला कान लावायचे तशी.

"मागचं. डावीकडचं.
ते वेगळं बोलतंय."

चौथा कुठं बसवला ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

आणखी थोडा वेळ ऐकत राहिले.
भुवयांवर दव पांढरं होत होतं.
मग चिडून डोळे उघडले:
"तीन हिवाळे खाल्लेत त्यानं. तीन!
फसवलं त्या माणसानं आपल्याला."